कागदावरच्या तीन चुली

वकीलबाई जेवायला बसल्या आणि तिथंच घोटाळा झाला.

खरं तर आफ्रीन शेख चंद्रपूरहून फक्त एक कागद वाचून दाखवायला आल्या होत्या. पण रविवारी भर दुपारी दारात आलेलं माणूस उपाशी परत पाठवायचं, हे बायनाबाईच्या हातून आजवर झालं नव्हतं. मंडळाचा दावा तीन वर्षं चालला होता, तो आणखी एक भात शिजेपर्यंत थांबेल, असं तिचं म्हणणं. तिनं वकीलबाईंना पाटावर बसवलं, शेजारी नवरा खुशालभाऊ आणि मुलगा धम्मदीप यांना बसवलं आणि एकाच मोठ्या गंजातून सगळ्यांना भात वाढला. सून नूतननं वडी-वांग्याची भाजी आणली. नणंद कलाबाई पापड भाजून एकेकाच्या ताटात टाकत होती.

वकीलबाईंचा हात पहिल्या घासालाच थांबला.

"काकू," त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यांचा स्वयंपाक एकत्रच होतो?"

बायनाबाईला हसू आलं. "मंग काय व बाई, पाच माणसाईले पाच गंज चढवू का?"

धम्मदीपनं ताटातून मान वर केली नाही. खुशालभाऊंना ठसका लागला. नूतन भाजीचं भांडं घेऊन उभी होती ती उभीच राहिली. तिला सगळं माहीत होतं. या घरात माहीत नसलेली एकच बाई होती आणि ती भात वाढत होती.

जेवण कसंबसं उरकलं. हात धुऊन वकीलबाईंनी फाईल उघडली, पण कागद लगेच वाचला नाही. "काकू, आधी एक सांगते. पंचशील हितवर्धक मंडळाची घटना तुम्हाला ठाऊक आहे?"

"माह्या सासऱ्यानं केलं न ते मंडळ. चुलीमागं एक सभासद."

"बरोबर. कलम पाच. प्रत्येक स्वतंत्र चुलीमागे एक सभासद. आता मागच्या निवडणुकीत खुशालकाकांची बाजू एका मतानं आली. तुमचे दीर मुखरूभाऊ यांनी धर्मादाय कार्यालयात हरकत घेतली, की दोन सभासद खोटे आहेत. एक धम्मदीपभाऊ, दुसऱ्या कलाबाई. कारण ते दोघंही खुशालकाकांच्याच चुलीवर जेवतात. आपण उत्तर दिलं, की नाही, २०२१ पासून तिघांच्या चुली वेगळ्या आहेत. शपथपत्र आहे तसं." वकीलबाईंनी धम्मदीपकडे पाहिलं. "मला जे सांगितलं, ते मी लिहिलं."

 बायनाबाईनं पदरानं हात पुसले.

"माह्या घरात चुली किती, हे चंद्रपूरले लिवून देलं. अन् मले सांगतलं नाई."

"आई, ते फक्त कागदावर..."

"तू चूप राय."

वकीलबाईंनी तो नवा कागद काढला. मुखरूभाऊंनी कार्यालयात पुरसीस दिली होती, म्हणजे आपल्या सहीनं लिहून दिलेलं म्हणणं. त्यात दोनच ओळी होत्या. माझी वहिनी बायनाबाई खुशाल उंदीरवाडे यांच्या घरी चुली किती, हे त्यांनी स्वतः सांगावं. त्या जे सांगतील ते मला मान्य राहील व मी हरकत मागे घेईन.

"त्यांच्या वकिलांनी नको म्हटलं होतं," आफ्रीन म्हणाल्या. "मुखरूभाऊ ऐकेनात. म्हणाले, वैनी खोटं बोलत नाई. तुमचे गुडघे दुखतात म्हणून निरीक्षक उद्या अकरा वाजता इथंच येतील जबाब घ्यायला. काकू, मी तुम्हाला काय बोला ते सांगणार नाही. मला सांगताही येत नाही." फाईल बंद करून त्या उठल्या. उंबऱ्यापाशी चप्पल घालताना त्यांनी मागे वळून पाहिलं. "जेवण फार छान होतं," एवढं मात्र अगदी मनापासून म्हणाल्या.

*

खुशालभाऊ पडवीत जाऊन बसले. भात संशोधन केंद्रात चौतीस वर्षं त्यांनी बांधावरून चालत काढली, पाय कधी दुखले नाहीत. आता चंद्रपूरच्या सतरा तारखांनी माणूस वाकला होता. सकाळची एसटी, कार्यालयाच्या व्हरांड्यातला बाक, संध्याकाळी हातात पुढची तारीख. समोरच्या बाकावर सख्खा भाऊ. दोघांनी एकाच टपरीवर चहा प्यायचा, पण वेगवेगळ्या वेळी.

बायनाबाई येऊन खांबाला टेकली. त्यांनी न विचारताच बोलायला सुरुवात केली.

"पोरानं अर्ज टाइप केले हे खरं आहे. पण मंजूर मी केले. सचिव मी होतो. सही माही आहे."

"मले वाटलंच."

"मुखरूचे लोक वाचनालय पाडून लॉन करतो म्हणते, लग्नाचा. माह्या बापानं ते वाचनालय... तुले माहीत आहे सारं. बापाले, झिंगूबुढ्याले, अक्षर येत नोहतं. अंगठा लावाचा. घटना लिवणारा मास्तर म्हणे, घरामागं एक सभासद लिवू. बाप म्हणे, घर नोका लिवू. ज्याच्याजवळ झोपडी बी नाई, झाडाखाली तीन गोटे मांडून रांधते, तोबी आपला सभासद पायजे. चूल लिवा." खुशालभाऊंनी चष्मा काढला. "अन् त्याच्याच कलमात मी पोराले घुसवलं. मले लाज नाई वाटली असं समजू नोको."

"लाज वाटली त मले काऊन नाई सांगतलं?"

"तू नाई म्हणली असती."

"हो. नाई म्हणली असती," बायनाबाई म्हणाली. "म्हणूनच सांगाचं होतं."

 दोघं समोरच्या रस्त्यावरून धानाचे भारे घेऊन जाणारे ट्रॅक्टर बघत बसले. शेवटी खुशालभाऊ म्हणाले, "उद्या तुले जे बोलाचं ते बोल. वाचनालय गेलं त गेलं. मी थकलो व. हरलो तरी चालते, पण संपलं पायजे."

त्यांनी हे खरोखर मनातून म्हटलं. पण पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याचं 'चालते' कुठलं असतं आणि कुठलं नसतं, हे बायनाबाईला कळत होतं. वाचनालय गेलं तर हा माणूस या पडवीतून उठायचा नाही.

*

आतल्या खोलीत धम्मदीपनं तोवर दोन शेगड्या आणल्या होत्या. एक त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात चहासाठी असायची, दुसरी माळ्यावरची जुनी. एक आपल्या खोलीत लावली, एक कलाबाईच्या कोठीत. डबे, तिखटमिठाच्या बरण्या, पोळपाट, सगळं तीन ठिकाणी मांडत होता.

"आईनं काही बी सांगतलं तरी दिसाले त दिसलं पायजे," तो म्हणाला.

नूतन खिडकीखालची ती शेगडी बघत राहिली. तिची सतरा वर्षं सासूच्या चुलीवर गेली होती. सासू वाईट नव्हती, हीच तर अडचण होती. वाईट असती तर भांडून वेगळं होता आलं असतं. मुलगी नागपूरला शिकायला गेल्यापासून नूतनला वाटायचं, एक दिवस आपल्या मनानं, आपल्याला हवं तेव्हा, हवं तेवढ्या तिखटाचं काहीतरी करावं. आणि कुणी 'मीठ कमी आहे का व?' असं विचारू नये. शपथपत्रावर नवऱ्यानं सही केली, तेव्हा ती मनातल्या मनात खूश झाली होती. खोट्या कागदावर का होईना, तिची चूल झाली होती. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"तू काऊन हसून राह्यली?" धम्मदीपनं विचारलं.

"कुठी हसून राह्यली? थकली मी."

तेवढ्यात कलाबाई दाराशी आली. चौसष्टची झाली, तरी या घरात ती अजून दारात उभी राहूनच बोलायची. चोविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती भावाच्या घरी परत आली. चाळीस वर्षांत तिनं या घराची भांडी घासली, पोरं खेळवली, शेणामातीनं भिंती सारवल्या, पुढे त्याच भिंतींना रंग दिला.

"धम्मा, वैनीनं एक चूल म्हणली, त माह्यं नाव कटते का?"

"कटतेच न आत्या. माह्यं बी कटते."

"तुह्यं काय गा. तुले दुकान आहे, राशन कार्ड आहे, बँकेत नाव आहे." कलाबाईनं कमरेच्या पिशवीतून एक कार्ड काढलं. प्लास्टिकचं पाकीट पिवळं पडलं होतं. सभासद क्रमांक एकशे बारा, श्रीमती कलाबाई. "माह्यं एवढंच आहे. मिटिंगीत मुखरू म्हणे, हात वर करा, अन् मी केला. त्यानं मोजला बी. मंग मोजून झाल्यावर म्हणे, हा धरत नाई."

 नूतननं कलाबाईच्या हातातलं कार्ड घेतलं, आपल्या पदरानं पुसलं आणि परत दिलं.

बायनाबाई मागे येऊन उभी होती. तिनं हे ऐकलं होतं. एक गोष्ट तिच्या कधी लक्षातच आली नव्हती, ती आज आली. ती स्वतः या चुलीची मालकीण, पण चुलीमागचा सभासद खुशाल. तिचं नाव कुठेच नव्हतं आणि तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आणि ही कलाबाई, जिला चूलच नाही, तिला मात्र चार वर्षांपासून एक नंबर मिळाला होता, खोटा का असेना. झाडाखालच्या तीन गोट्यांचा विचार करणाऱ्या सासऱ्याला आपल्याच घरात चुलीपाशी बसणारी पोर दिसली नाही.

"मले चहा दे व नूतन," ती म्हणाली. "कोण्या बी चुलीवरचा दे."

*

सोमवारी अकराला निरीक्षक आले. तरुण होते, घाईत होते, पण नम्र होते. त्यांच्यामागून मुखरूभाऊ आले. वीस वर्षांपूर्वी वाटणी करून याच दारातून ते बाहेर पडले होते. आज वकील बाहेर ठेवून एकटे आत आले आणि सवयीनं चपला पडवीतल्या तुळईखाली काढल्या.

"बस न मुखरू," बायनाबाई म्हणाली.

"बसतो वैनी. गुडघे कसे आहे?"

"आहे तसेच. तू हडकला."

"तारखा," मुखरूभाऊ म्हणाले आणि ओशाळून हसले. त्यांनी खुशालभाऊंकडे पाहिलं नाही. खुशालभाऊंनीही पाहिलं नाही. दोघांची पाठ मात्र एकाच पद्धतीनं वाकलेली होती.

निरीक्षकांनी खोल्या पाहिल्या. तीन शेगड्या पाहिल्या. धम्मदीप पुढे पुढे होऊन दाखवत होता. मुखरूभाऊ जागचे हलले नाहीत. "साहेब, शेगड्या बाजारात भेटते," ते म्हणाले. "मले शेगड्या नाई पाहाच्या. माही माय मी सहा वर्षांचा असताना गेली. या वैनीनं मले हातानं जेवू घातलं. मी भावाशी भांडतो, भावाच्या पोराशी भांडतो. वैनीशी नाई. थे जे म्हणन थे मी मानतो. लिवून देलं आहे मी."

निरीक्षकांनी लिहायचा कागद मांडीवर घेतला. "आजी, तुमचं नाव सांगा. आणि खरं सांगेन अशी शपथ घ्यायची आहे."

बायनाबाईनं शपथ घेतली. रोज सकाळी विहारात ती पंचशील म्हणायची. खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणताना ती इतर बायकांसारखी भरभर म्हणत नसे, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. मुखरूभाऊंना तर सगळ्यांहून जास्त माहीत होतं.

"आजी, तुमच्या घरात चुली किती?"

खुशालभाऊंनी डोळे मिटून घेतले. धम्मदीप दाराची कडी हातानं धरून उभा होता. कलाबाई स्वयंपाकघराच्या दारात होती, कमरेच्या पिशवीवर हात ठेवून.

बायनाबाईनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि शेवटी मुखरूकडे पाहिलं. हे बोलताना त्याच्याकडेच बघायला हवं, असं तिला वाटलं.

"तीन," ती म्हणाली.

 मुखरूभाऊ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं, हे तिलाही कळलं.

"तीन म्हणता वैनी?"

"तीन."

"बरं," मुखरूभाऊ म्हणाले. "वैनी म्हणते त तीन." त्यांनी निरीक्षकांचा पेन घेतला आणि हरकत मागे घेतल्याच्या कागदावर सही केली.  नूतननं चहा आणला तो त्यांनी घेतला नाही. "नोको बाई. कोण्या चुलीचा आहे, मले का माहीत," एवढंच बोलून ते उठले. तुळईखालच्या चपला घालताना एकदा भिंतीला हात टेकला, मग वाट चालू लागले.

खुशालभाऊ भावाच्या मागे दोन पावलं गेले. "मुखरू," त्यांनी हाक मारली. तीन वर्षांत पहिल्यांदा. तो थांबला नाही.

*

सगळे गेल्यावर धम्मदीपनं मोठा श्वास सोडला. त्यानं वकीलबाईंना फोन लावला, जिंकलो म्हणून सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं कुणास ठाऊक, पण त्यानं लवकरच फोन ठेवला. मग शर्टाच्या बाह्या वर करून तो शेगड्या उचलायला लागला.

"राहू दे," बायनाबाई म्हणाली.

"काऊन? साहेब गेले न."

"मी शपथेवर सांगतलं तीन. मंग तीनच राहीन."

"आई, येडी झाली का? ते कागदावर होतं."

"माह्यं तोंड कागद नोहे, बेटा. मुखरूच्या डोळ्यांत पाहून बोलली मी. सकाळी खोटं असन त असन, संध्याकाळपावतो मी थे खरं करतो. उद्या विहारात जाचं आहे मले."

तिनं मोठा गंज उचलून फळीवर पालथा घातला. तांदळाचं पिंप उघडलं आणि तीन डब्यांत वाटे केले. हात भराभर चालत होते. एक डबा नूतनपुढे ठेवला. "घे. तुह्या मनासारखं तिखट टाक."

नूतनचा चेहरा गोरामोरा झाला. सासूला कधी कळलं, कसं कळलं? तिला म्हणायचं होतं, मला नको, मला असं नको होतं. पण नको होतं हेही खरं नव्हतं. तिनं डबा घेतला आणि आपल्या खोलीत जाऊन खिडकीखाली ठेवला. शेगडी पेटवून समोर नुसती बसून राहिली. इतकी वर्षं जे मागितलं नाही ते हातात आलं होतं, आणि तिला भूकच उरली नव्हती.

"माह्या बापाचं कलम," खुशालभाऊ पडवीतून पुटपुटले. "बायना, ऐक माह्यं. कागद मागं घेऊ. मी उद्या चंद्रपूरले जातो, सांगतो सारं."

"अन् कलाबाईचं नाव?"

 नाव राखायचं तर चूल हवी आणि चूल हवी तर ही अशी. दुसरी वाट खुशालभाऊंच्या बापानं लिहून ठेवली नव्हती आणि त्यांनाही कधी लिहावीशी वाटली नव्हती.

"तुमचं वाचनालय राह्यलं न," बायनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मंग बसा आता. आपल्या दोघांपुरतं मांडतो मी."

तिसरा डबा तिनं कलाबाईच्या कोठीत नेला. कलाबाई शेगडीसमोर उकिडवी बसली होती. पापड भाजणं, भाकरी थापणं, भाजी चिरणं, चाळीस वर्षांत तिनं सगळं केलं होतं. गंज मात्र कायम वहिनीनं चढवला होता. बायनाबाई डबा ठेवून वळली. दोन पावलं गेली.

"वैनी."

"काय व?"

कलाबाईनं डब्यात हात घातला. मूठभर तांदूळ काढले, त्यातले थोडे परत टाकले, मग पुन्हा काढले. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"एकट्या माणसाले किती तांदूळ लागते व, वैनी?"

बायनाबाई दारातच थांबली. सांगायला तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं, की ते तिलाही ठाऊक नाही.